सतरा नंबरच्या मागचा

सुरुवातीलाच सांगते, यातलं एक अक्षरही मी मनाचं घातलेलं नाही.

हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. रविवार होता. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. जागा म्हणजे तिच्या नव्या गावाबाहेरचा डोंगर. धुकं होतं, पण चांगला दिवस उजाडलेला होता. असलं काही फक्त रात्री बारा वाजताच घडतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढे वाचू नये. उगाच त्यांची दुपारची झोप उडायची.

मावशी थापा मारणाऱ्यांतली नाही. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे झाला तर तिला चैन पडत नाही. अशा बाईने मला हे एकदाच सांगितलं. नंतर मी विचारलं की ती विषय बदलते.

शेवटचा भाग मात्र तिने सांगितलेला नाही.

तो मी स्वतः पाहिलाय... म्हणजे, पाहिला नाही. तेच तर सांगायचंय.

आधी थोडं मागचं.

मावशी डाउनहिल शर्यती करायची. म्हणजे सायकल घेऊन डोंगरमाथ्यावर जायचं आणि झाडं, दगड, मुळं यांच्यातून सुसाट खाली यायचं. मधे मातीचे उंचवटे असतात, त्यांवरून उड्या मारायच्या. शर्यतीत एका वेळी एकच जण सुटतो आणि घड्याळ त्याची वेळ मोजतं. पायडल फारसं मारावं लागत नाही. जीव मात्र मुठीत धरावा लागतो.

आमची आई तिघांत मोठी. मावशी मधली. मामा शेंडेफळ.

मामाला सगळे 'शेपूट' म्हणायचे. मावशी दुकानात निघाली की हा मागे. ती पोहायला शिकली, हाही शिकला. तिने डोंगरावरून सायकल खाली घातली, तेव्हा घरच्यांनी तिला बोल लावले ते तिच्यासाठी नाही, आता शेपूटही जाणार म्हणून.

आणि गेलाच तो.

सरावाच्या दिवशी दोघं जोडीने उतरायचे. ती पुढे, तो दीड हातावर मागे. इतक्या जवळून येणाऱ्याला रस्ता दिसत नाही, फक्त पुढच्याची पाठ दिसते. म्हणून पुढच्याने बोलायचं. "डावी." "मूळ." "ब्रेक." आणि मागच्याने दर वेळी "हो" म्हणायचं, म्हणजे ऐकू आलं हे पुढच्याला कळतं. हा त्यांचा नियम होता. दहा वर्षांत त्यांनी तो एकदाही मोडला नाही.

एकदा सोडून.

त्या रविवारच्या चार वर्षं आधीची गोष्ट. आदल्या दिवशी पाऊस झाला होता आणि एका उडीच्या पलीकडची माती वाहून गेली होती. मावशीला ते अगदी उडीच्या तोंडाशी आल्यावर दिसलं. तिने हँडल डावीकडे फिरवलं आणि बाजूच्या पायवाटेने निसटली. सगळं पाऊण सेकंदात.

तोंडातून शब्द निघाला नाही.

ती खाली पोहोचली. नेहमीसारखी वळून, वर तोंड करून उभी राहिली. तो तिच्यामागे दोन सेकंदांत यायचा.

ती उभी राहिली...

मामा खाली आलाच नाही.

दवाखान्याच्या पायरीवर आई तिला एवढंच म्हणाली, "तू पुढे होतीस ना गं?" आईच्या मनात काही नव्हतं. आजही ते आठवलं की ती डोळ्यांना पदर लावते. पण बोललेलं परत गिळता येत नाही.

मावशीने सायकल विकली. नोकरी सोडली. जिथे तिला कुणी कुत्रंही ओळखत नाही अशा गावात दुसरी नोकरी धरली आणि इस्त्रीच्या दुकानावर एक खोली घेतली. खोलीत पलंग, टेबल आणि एकच खुर्ची. दुसरी घ्यायची राहूनच गेली, बसायला येणार कोण? खालच्या इस्त्रीमुळे संध्याकाळपर्यंत तिची फरशी कोमट असायची. ती कामावरून आली की चपला काढून थोडा वेळ नुसती उभी राहायची. तेवढीच ऊब.

लॅबमध्येही बोलायचं कारण पडत नसे. तोंडाला मास्क, समोर प्लास्टरचे जबडे. "दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडी, माझं बंद," असं ती एकदा फोनवर म्हणाली होती. मी हसले होते. ती हसली नव्हती. संध्याकाळी दुकानात पाव मागायला गेली की आवाज फुटायचा नाही, आधी घसा खाकरावा लागायचा. दुकानदाराला वाटायचं, बाईंना कायमचा खोकला आहे.

चार वर्षं अशी काढली तिने.

मग तो सायकलवाला मिस्त्री भेटला.

लॅबच्याच रस्त्यावर त्याचं दुकान. साठीचा माणूस, हात कायम काळे. दारात एक जुनी डाउनहिल सायकल विकायला उभी होती. मावशीने जाता जाता तिचं हँडल धरलं आणि पुढच्या चाकाचा शॉकअ‍ॅब्सॉर्बर दोनदा दाबून पाहिला. नुसता हाताला चाळा म्हणून.

आतून मिस्त्री म्हणाला, "बाई, तुम्ही चढणाऱ्यांतल्या नाही. उतरणाऱ्यांतल्या आहात."

"होते."

"दाबायची पद्धत बघितली मी. असं सुटत नसतं. घेऊन जा, महिनाभर चालवा. नाही जमलं तर परत आणा, मी कुठे पळून चाललोय."

त्या दिवशी मावशी तिथे अर्धा तास बोलत उभी होती. चार वर्षांतलं तिचं सगळ्यात लांब बोलणं. मला विचाराल तर सायकल तिने त्यासाठीच घेतली.

पुढच्याच महिन्यात तिथल्या डोंगरावर शर्यत होती. शनिवारी सराव, रविवारी शर्यत. मिस्त्रीने तिला न विचारता तिचं नाव देऊन टाकलं. नाव शेवटी आलं म्हणून नंबरही शेवटचा मिळाला. सतरा.

शनिवारी टेम्पोने सगळ्यांना वर नेलं. बाकीचे घोळक्याने आले होते. एकमेकांची हेल्मेटं ओढत होते, खिदळत होते. मावशी टेम्पोच्या कोपऱ्यात सायकल धरून बसली. तिच्याशी कुणी वाईट वागलं नाही. तिच्याशी कुणी वागलंच नाही.

पहिली फेरी ती गपचूप उतरली.  खालून दुसरं अवघड ठिकाण म्हणजे एक मोठी उडी होती. तिच्या तोंडाशी आल्यावर मावशीने काही विचार न करता हँडल डावीकडे टाकलं आणि बाजूच्या वाटेने गेली.

दुसऱ्या फेरीला, तिसऱ्या वळणावर, तिचं तोंड आपोआप उघडलं.

"डावी."

स्वतःचाच आवाज ऐकून ती दचकली. मागे होतं कोण ऐकायला?

पण कितीतरी दिवसांनी घसा न खाकरता आवाज निघाला होता. तिला बरं वाटलं. मग ती बोलतच राहिली. "मूळ. ब्रेक. सोड. उजवी." एकटी बाई झाडांना रस्ता सांगत चालली होती. कुणी पाहिलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

उडीजवळ मात्र तोंड मिटलं. पुन्हा डावीकडे, न बोलता.

तिसऱ्या फेरीला...

मागून टिकटिक ऐकू आली.

सायकलवाल्यांना हा आवाज माहीत असतो. पायडल थांबवलं की मागचं चाक टिकटिकतं. तिला वाटलं, आपलंच असेल. म्हणून तिने पायडल मारलं.

तिचं चाक गप्प झालं.

मागची टिकटिक चालूच होती.

सरावाला कुणीही केव्हाही सुटतं. असेल कुणीतरी घाईतला. तिने सायकल कडेला घेतली आणि हात केला, "जा पुढे."

कुणी गेलं नाही.

ती थांबली. वळून पाहिलं. धुकं, ओली पानं, तिच्या एकटीच्या टायरची खूण. आणि टिकटिक... तीही थांबली होती. तिच्याबरोबरच.

चौथ्या फेरीला ती जरा घाबरतच सुटली. पहिल्या दोन वळणांना काही नाही. तिसऱ्यालाही नाही. तिने श्वास सोडला आणि सवयीने म्हणाली, "मूळ."

"हो."

दीड हातावरून.

 मावशीने ब्रेक दाबला नाही. मागचा इतका जवळ असताना पुढच्याने ब्रेक दाबायचा नसतो, हे हातांनाच माहीत होतं. ती सांगत राहिली आणि मागून उत्तर येत राहिलं. "उजवी." "हो." "ब्रेक." "हो."

उडी आली. तोंड पुन्हा मिटलं. ती डावीकडे निसटली.

त्यानंतर मागे काहीच नव्हतं.

ती खाली पोहोचली आणि वर तोंड करून उभी राहिली. दोन सेकंद. दहा सेकंद. पाच मिनिटं. शेवटी कुणीतरी येऊन म्हणालं, "बाई, रस्त्यातून बाजूला व्हा."

आता शिट्ट्यांचं सांगायला हवं. अशा डोंगरावर प्रत्येक अवघड जागी एक माणूस शिट्टी घेऊन बसवतात. वरून कुणी आलं की त्याने एक शिट्टी वाजवायची, म्हणजे खालचे लोक वाट मोकळी करतात. त्या मोठ्या उडीच्या जरा वर एक निवृत्त नर्सबाई घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. गुडघ्यांवर शाल, शेजारी थर्मास. उडीच्या खाली गावचे पोस्टमन होते.

जेवणाच्या सुट्टीत मावशी चालत नर्सबाईंकडे गेली.

"मघाशी मी गेले तेव्हा दोन शिट्ट्या वाजवल्यात तुम्ही."

"एकाला एक, दोघांना दोन. एवढं गणित येतं मला."

"दोघं?"

"तुम्ही आणि तुमच्या मागचा तो. फार चिकटून चालवतो हो. उद्या तुम्ही पडलात तर तुमच्याच अंगावर येईल. सांगा त्याला." त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट केलं. "मला तर वाटलं उडीवर आपटला. खालून पोस्टमनची एकच शिट्टी आली. म्हणून बघायला गेले, तर कुणीच नाही."

"नंबर पाहिलात त्याचा?"

"चिखलाने माखला होता. पण ओळखीन मी त्याला. डावा गुडघा बाहेर काढून चालवतो. दार उघडं राहिल्यासारखा."

त्या संध्याकाळी सहाच्या सुमाराला मला मावशीचा फोन आला. कशी आहेस नाही, काही नाही. म्हणाली, "मामा सायकल चालवताना कुठला गुडघा बाहेर काढायचा गं?"

"डावा. आई किती ओरडायची त्याला. का?"

 खालच्या इस्त्रीची वाफ सुटल्याचा आवाज मला फोनवर ऐकू येत होता.

"चार वर्षं तो उतरतोय गं," ती म्हणाली. "अजून खाली पोहोचला नाहीये."

आणि तिने फोन ठेवला.

रविवार उजाडला.

एकेक मिनिटाने सगळे सुटले. वर ती एकटी राहिली. घड्याळ घेऊन उभ्या असलेल्या माणसाने तिला जवळ बोलावलं. मग त्याने तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं... हातातली यादी पाहिली... पुन्हा मागे पाहिलं.  पाच बोटं मिटत मोजली आणि तिला सोडलं.

अकरा वीस.

पहिल्या वळणाला ती म्हणाली, "डावी."

"हो."

या वेळी भीती वाटली नाही, असं ती म्हणाली. रडू आलं. हेल्मेटच्या आत डोळे पुसता येत नाहीत. ती तशीच सांगत राहिली. आयुष्यात इतकी सांभाळून ती कधी उतरली नव्हती. प्रत्येक दगड सांगितला. प्रत्येक मूळ सांगितलं. जिथे सांगायची गरज नव्हती तिथेही सांगितलं. शिट्ट्या दोन-दोन वाजत होत्या.

नर्सबाई मागे गेल्या. दोन शिट्ट्या.

उडी दिसली.

पुन्हा तीच दातखीळ. पाऊण सेकंद असतो तो केवढा...

"डावी," ती म्हणाली. आवाज फुटला नाही. नुसती हवा.

मग तिने घसा खाकरला. दुकानात पाव मागताना खाकरते तसाच. आणि सगळा जीव गोळा करून म्हणाली, "डावी घे. उडी नको मारूस. माझ्यामागून ये."

उत्तर आलं नाही.

ती डावीकडच्या वाटेवर आली. पानं अंगाला लागली. मागे काही नाही. टिकटिकही नाही.

पुन्हा तेच झालं, असं तिला वाटलं. पुन्हा हुकलं.

"हो."

खालून पोस्टमनची शिट्टी आली. एक.

मग दुसरी.

टिकटिक जवळ आली. आणखी जवळ. तिच्या डाव्या अंगाला वारा लागला आणि कुणीतरी तिच्या पुढे गेलं. दहा वर्षं तो तिच्यामागे होता, त्याची पाठ तिने कधी पाहिली नव्हती. ती तिने तेव्हा पाहिली. चिखलाने भरलेली पाठ आणि बाहेर काढलेला डावा गुडघा. मग धुकं.

ती खाली पोहोचली तेव्हा घड्याळापाशी गोंधळ चालला होता. रेषा ओलांडली की घड्याळ आपोआप थांबतं. ते आधीच थांबलं होतं. ती यायच्या सात सेकंद आधी.

"यंत्र बिघडलं," ते लोक म्हणाले. तिला तीच वेळ देऊ केली. त्या वेळेवर ती तिसरी आली असती.

"ती वेळ माझी नाही," मावशी म्हणाली. तिच्या नावापुढे त्यांनी नोंद नाही असं लिहिलं.

रेषेच्या पलीकडे चिखल होता. त्यात टायरची एक ताजी खूण होती. कुणीतरी ब्रेक दाबून, वळून, वर तोंड करून थांबल्यासारखी.

मावशी महिन्याभराने आमच्याकडे आली. चार वर्षांनी पहिल्यांदा. तिने सगळं सांगितलं. मला वाटलं, आई चिडेल नाहीतर तिला डॉक्टरकडे घेऊन जाईल. आईने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरा दिसत होता का गं?"

"पाठच दिसली," मावशी म्हणाली.

मग दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या. मी आत जाऊन उगाच भांडी विसळत राहिले.

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं. मामा पोहोचला, मावशी सुटली, छान झालं असं म्हणून गप्प बसले असते.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे चार दिवस राहायला गेले. खोली तशीच. फरशी कोमट. फक्त टेबलापाशी दुसरी खुर्ची आली होती. मी बॅग टाकून तिच्यावर बसायला गेले.

"पलंगावर बस ना," मावशी पटकन म्हणाली.

मी पलंगावर बसले. ती जेवताना त्या खुर्चीकडे तोंड करून बसली. तिला आता घसा खाकरावा लागत नाही, हे मात्र माझ्या लक्षात आलं.

शनिवारी सराव होता. मीही गेले. उडीच्या वर नर्सबाईंच्या शेजारी उभी राहिले. त्यांनी थर्मासातली कॉफी दिली. बाई गप्पिष्ट आहेत. सुनेबद्दल सांगत होत्या. बोलता बोलता थांबल्या, वर पाहिलं आणि शिट्टी वाजवली.

मी पाहिलं. ट्रॅक रिकामा होता.

कुणीही नव्हतं. पण समोरच्या वळणावरच्या डबक्यातलं पाणी उडालं... आणि टिकटिक आली. माझ्या समोरून गेली. माझ्या हातातली कॉफी हिंदकळून बोटांवर सांडली, ते मला नंतर कळलं.

पाठोपाठ मावशी आली. दीड हातावर. तिची नजर समोर कुणाच्या तरी पाठीवर असावी तशी जवळ खिळलेली होती.

"हो," ती म्हणाली.

नर्सबाईंनी दुसरी शिट्टी वाजवली.

"हल्ली तो पुढे असतो," त्या म्हणाल्या, आणि सुनेचं पुढे सांगू लागल्या.

  तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मामाचा तिच्यावर राग असेल, असं मला अजिबात वाटत नाही. पण मावशीचा तरी त्याच्यावर कुठे राग होता? पुढच्याने बोलायचं, मागच्याने विश्वास ठेवायचा, एवढाच तो नियम. तो पुढच्याकडून एकदाच मोडला. पाऊण सेकंद.

काल तिचा फोन आला होता. खूष होती. म्हणाली, "आता मी त्या उडीवरून सरळ जाते. डावीकडून नाही."

"भीती नाही वाटत?"

"कसली? तो सांगतो ना."

पुढची शर्यत या रविवारी आहे. तिकडे परवापासून पाऊस पडतोय, असंही ती सहज म्हणाली.